ए. वैरागडे, उपांत्यपूर्व फेरी

नंदनवन, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय अरुताई,

फोनच करणार होतो. पण मागच्या वेळी मी "गुडघा गेला आहे" म्हटलं आणि तू "अगं बाई, कोण गेलं?" म्हणून रडायला लागलीस. तेव्हापासून ठरवलं, तुझ्या कानाच्या यंत्रापेक्षा पोस्टखातं बरं.

बातमी मोठी आहे. सदर भागातल्या आपल्या नवयुग जिमखान्याची मध्य भारत आंतरराष्ट्रीय क्ले कोर्ट टेनिस स्पर्धा येत्या जानेवारीत चाळीस वर्षांनी पुन्हा सुरू होते आहे. मधली सगळी वर्षं तिथे लग्नाचं लॉन होतं. आता नवरा-नवरीचे सोफे हलवून मातीची दोन कोर्टं केली आहेत. आणि स्मरणिकेसाठी स्पर्धेचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. हसू नकोस. नवा सेक्रेटरी ऋषिकेश, वय चौतीस, मला म्हणाला, "काका, जुन्या लोकांपैकी आता तुम्हीच..." आणि थांबला. "उरले" हा शब्द त्याने सभ्यपणे गिळला.

मी लगेच हो म्हटलं. सिंचन खात्यात अडतीस वर्षं मी टिपणं लिहिली, त्यातलं एकही कुणी वाचलं नाही. हे निदान छापून तरी येईल.

आतापर्यंत एवढं झालं आहे: स्पर्धा १९६४ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी "आंतरराष्ट्रीय" म्हणजे सिलोनचे दोन खेळाडू आणि बिलासपूरला रेल्वेत असलेले एक गोरे गृहस्थ. एवढ्यावर गाडी अडली आहे. दीड पानात "सुवर्णकाळ" हा शब्द चारदा आला. तू आमच्याकडे राहून कॉलेज करत होतीस, त्या वर्षांतलं काय आठवतं ते लिही. कोर्ट कसं बनायचं, बाहेरचे खेळाडू कुठे उतरायचे, काय खायचे, काहीही.

माझी नात अबोली पात्रता फेरीत खेळणार आहे. सतरा वर्षांची झाली. तिचा बॅकहँड आला की मी आधी बाजूला होतो आणि मग "छान" म्हणतो.

जुन्या लोकांचे सत्कारबित्कारही आहेत म्हणे. असो.

तुझा,
अनंता

•

जबलपूर
१७ नोव्हेंबर

अनंता,

आधी ते चारही सुवर्णकाळ खोडून टाक.

कोर्टाचं विचारतो तं ऐक. कामठी रोडच्या भट्ट्यांवरून फुटक्या विटा यायच्या. बाया त्या कुटायच्या, चाळायच्या. खाली मुरूम, वरून तो चुरा, मग पाणी, मग रोलर. सगळ्यांची मुख्य रंभाबाई. सकाळी ती अनवाणी कोर्टावरून चालत जायची. पाय उमटला तं अजून ओलं आहे, नाही उमटला तं खेळा. मोठमोठे विदेशी खेळाडू कुंपणापाशी उभे राहून तिच्या पायाकडे पाहत राहायचे. तिचं नाव लिहिजो. अध्यक्षांची नावं लिहायले बाकी लोक आहेत.

तुझंही आठवते. अठरा वर्षांचा होता तू. शहात्तर साली पात्रता फेरीत उतरला होता ना गा? सहा-शून्य, सहा-शून्य. अठ्ठावीस मिनिटं. मी घड्याळ पाहून राहिली होती. बुटाचा तळ निघाला होता, अन् तू एका हातात तो तळ धरून दुसऱ्या हातानं हात मिळवायले गेला. हे नाही लिहिलं तरी चालन.

आता माझं. तुले तं सारं माहीतच आहे, पण तू इतिहासकार झाला म्हणून रीतसर सांगते. बाबा गावी मौद्याले रोज पेपर वाचायचे. माझं नाव दिसलं असतं तं त्याच दिवशी येऊन घरी घेऊन गेले असते. म्हणून अर्जावर नुसतं "ए. वैरागडे" लिहिलं. काकूनं, तुझ्या आईनं, निळ्या कापडाचा स्कर्ट शिवून देल्ला. दोन मॅचेस जिंकली. उपांत्यपूर्व फेरीत हंगेरीची इलोना होती, तिसऱ्या सेटमध्ये हरली. मे महिन्यात लग्न झालं अन् रॅकेट सुटली ती सुटलीच.

इथं सासरी मी कोणाले सांगतलं नव्हतं. मागच्या साली नातवाले सांगतलं, तं तो म्हणते, "दादी, फेंको मत."

एक ओळ लिही माझ्याबद्दल. पूर्ण नावानं. दुसरं काही नको.

अबोलीले आशीर्वाद. तिच्या आजीची, वंदनाची, तब्येत लिही.

अरुताई

•

नंदनवन
२ डिसेंबर

प्रिय अरुताई,

पत्र पोचलं. रंभाबाईंवर अख्खा परिच्छेद लिहिला आणि सुवर्णकाळ तीन खोडले. एक ठेवला, नाहीतर माझं स्मरणिकेतलं स्थान धोक्यात येतं.

बाकी मजकूर जमतो आहे. १९७१ साली युगोस्लाव्हियाहून आलेल्या एका खेळाडूला त्याच्या यजमानांनी प्रेमाने झणझणीत सावजी मटण खाऊ घातलं. दुसऱ्या दिवशी त्याने सामना सोडला. रजिस्टरमध्ये कारण लिहिलं आहे, "अपरिहार्य". स्पर्धेच्या इतिहासात याहून नेमका शब्द मला सापडला नाही. पुढे पुढे परदेशी लोक यायचे कमी झाले आणि १९८६ मध्ये स्पर्धा बंद पडली, इथवर आलो आहे.

तुझ्या ओळीचं मात्र अवघड दिसतं. १९७६ चं रजिस्टर सापडत नाही. वाळवी लागली असावी. पुराव्याशिवाय काही छापायचं नाही, याबाबत ऋषिकेश फार कडक आहे. शिवाय जागाही कमी. तरी पाहतो.

वंदना बरी आहे.

अनंता

•

जबलपूर
१२ डिसेंबर

अनंता,

वाळवीचं वाचलं. राहू दे मग.

अबोलीची मॅच पाहायले मी येऊन राहिली आहे. दहा जानेवारीले पोचते, तुमच्याकडेच राहीन. साहिल, माझा नातू, गाडीत बसवून देईन.

अन् एक. जिमखान्याच्या व्हरांड्यात कोण कोणत्या साली कुठवर पोचलं त्याचा फळा लावला होता म्हणे, माझ्या लग्नानंतर. लाकूड वाळवीनं खाल्लं असन तरी रंग राहते. मीच पाहून घेते. तू शोधत बसू नको, तुले बाकी काम आहे.

अरुताई

•

नंदनवन
१९ डिसेंबर

ताई,

वाळवी नाही. रजिस्टर माझ्या टेबलावर आहे. १९७६ चं पान जसंच्या तसं आहे आणि तुझं नाव त्यात तीन ठिकाणी आहे.

फळाही आहे. "उपांत्यपूर्व फेरी गाठणारे नागपूरकर" असं वर लिहिलेलं, खाली चार नावं. तिसरं "१९७६ – ए. वैरागडे". पुरुष की महिला, हे रंगाऱ्याने लिहिलं नाही. आणि गेली बेचाळीस वर्षं तो ए. मी आहे.

कसं झालं ते सांगतो. १९८३ साली आमचे साहेब स्पर्धा पाहायला आले. मी त्यांच्यासाठी चहा घेऊन आलो, तर ते फळ्यासमोर उभे. म्हणाले, "वैरागडे, हे तुम्ही?" माझ्या दोन्ही हातांत चहा होता. मी हसलो. तेवढंच केलं. "हो" म्हटलं नाही, असं मी स्वतःला इतक्या वेळा बजावलं आहे की कोर्टात उभं केलं असतं तर सुटलो असतो. सोमवारी कचेरीत गेलो तेव्हा मी टेनिसपटू झालेलो होतो.

पुढच्या वर्षी वंदनाचे वडील स्थळ पाहायला आले. त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. त्यांनी माझा उजवा दंड चाचपला. दंडात काही नव्हतं, तर म्हणाले, "टेनिसला चपळाई लागते." चपळाई तर त्याहून नव्हती. लग्न झालं. मग लोक खेळायला बोलवायचे, मी म्हणायचो गुडघा दुखतो. पंचवीस वर्षं तो खोटा दुखला. आता खरा दुखतो तर डॉक्टर सोडून कुणाला नवल वाटत नाही.

इथवर हसण्यासारखं आहे. पुढचं नाही. अबोली सहा वर्षांची असताना मी तिला त्या फळ्यासमोर नेलं. तिने बोट ठेवून विचारलं, "आजोबा, हे तुम्ही?" त्या दिवशी माझ्या हातात चहा नव्हता. मी "हो" म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा तोंडाने "हो" म्हणालो, ते तिला. दुसऱ्या दिवशी तिने रॅकेट मागितली.

आता फळ्यावरच्या चौघांपैकी हयात मी एकटा, म्हणून सत्कार माझा आहे. स्मरणिकेत फोटोसुद्धा आहे. छापायला गेली.

तुझं पत्र वाचलं तेव्हा वंदना भाजी निवडत बसली होती. तिला म्हटलं, "वंदना, तो ए. मी नाही. ती अरुताई आहे."

ती मान वर न करता म्हणाली, "तुम्ही नाही एवढं मले माहीत होतं."

"कसं?"

"लग्न झालं त्या साली तुम्ही माशी मारायले पेपर उचलला होता. चारदा हाणला. माशी जागची हालली नाही." मग मेथीची जुडी खाली ठेवली. "अरुताईचं नव्हतं माहीत. अबोलीले सांगतलं का?"

अबोली अंगणात रॅकेटच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होती. मी सगळं सांगितलं. तिने पट्टी पूर्ण गुंडाळली, टोक चिकटवलं, आणि विचारलं, "मग मी इतके दिवस कोणाचं पाहून खेळून राहिली होती?"

चार दिवस झाले, ती माझ्याशी बोलत नाही. "आजोबाले सांग जेवण झालं आहे," असं समोरासमोर वंदनामार्फत कळवते.

तू ये, ताई. सत्काराच्या वेळी मी माइकवरून सर्वांसमोर खरं सांगणार आहे. तू पहिल्या रांगेत बसलेली असशील. मी खाली उतरून तुझे पाय धरीन.

अनंता

•

जबलपूर
२७ डिसेंबर

अनंता,

तीनदा वाचलं. माशीवर हसली. मग हसल्याचा मलेच राग आला.

फळ्याचं मी समजू शकते. पंचवीस वर्षांचा होता, समोर साहेब, हातात चहा. पण वाळवी? ते तू अडुसष्ट वर्षांचा होऊन, रजिस्टर टेबलावर ठेवून, मले लिहिलं. त्या पत्रानंतर माझं काय झालं तुले माहीत आहे का? मले वाटायले लागलं का आपणच तं नाही हे मनानं बनवलं. नातू म्हणते फेंको मत, पुरावा वाळवीनं खाल्ला, पाहणारं कोणी उरलं नाही. मी आरशासमोर उभी राहून हात फिरवून पाह्यला, सर्व्हिस येते का म्हणून. खांदा वरच गेला नाही. मी माझ्याच दोन मॅचेसवर संशय घेतला, अनंता. ते तुझ्यामुळं.

अन् माइकवर सांगतो म्हणते. खबरदार. तुले मी लहानपणापासून ओळखते. तू रडशीन, लोक उभे राहून टाळ्या वाजवतीन, दुसऱ्या दिवशी पेपरात येईन का आजोबा किती प्रामाणिक. माझी मॅच बेचाळीस वर्षं वापरली, आता माझी माफीही स्टेजवर नेऊन तिच्यावर हार घालून घेशीन. पाय धरायचं तं नावच काढू नको.

खोटं जिथं छापलं तिथं खरं छाप. बस. त्याच्यासाठी टाळी मिळत नाही, म्हणून ते कर.

मी येत नाही. तिकीट परत केलं.

अबोलीसाठी वेगळं पाकीट ठेवलं आहे. तिलेच दे. उघडू नको.

अरुंधती

•

नंदनवन
२१ जानेवारी २०२६

ताई,

पाकीट न उघडता दिलं. उजेडात धरूनही पाहिलं नाही. (धरलं होतं. पाकीट जाड होतं.)

ऋषिकेशकडे गेलो. त्याने डोक्याला हात लावला. "काका, पाचशे प्रती छापून आल्या. अन् इतिहास कोण वाचते?" अडतीस वर्षं ज्या गोष्टीचं दुःख केलं, तिचा पहिल्यांदा आधार वाटला. तरी म्हटलं, शुद्धिपत्र लावायचंच. तो म्हणाला, छापून देतो, चिकटवा तुम्ही.

म्हणून जेवणाच्या टेबलावर पाचशे स्मरणिका, पाचशे चिठ्ठ्या आणि डिंक घेऊन दुपारी बसलो. चिठ्ठीवर असं आहे: "पृष्ठ अकरा आणि चौदावर उल्लेखलेल्या 'ए. वैरागडे' म्हणजे कु. अरुंधती मधुकरराव वैरागडे, महिला एकेरी. अनंत वैरागडे त्या वर्षी पात्रता फेरीत ०-६, ०-६ असे हरले. चूक लेखकाची असून ती नजरचूक नाही." शेवटचं वाक्य ऋषिकेश काढा म्हणत होता. मी ठेवलं.

पन्नासेक झाल्या असतील, तेव्हा अबोली आली. एक स्मरणिका उघडून पाहिली. मग म्हणाली, "आजोबा, तिरप्या लावून राहिले तुम्ही." चार आठवड्यांतलं पहिलं वाक्य. मग ती चिकटवत गेली आणि मी नुसता डिंक लावत गेलो. तू तिला काय लिहिलंस ते तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही, ही माझी प्रगती समज.

आता सत्काराचं. माझं नाव कापायला सांगितलं होतं आणि ऋषिकेशने ते कापलंही होतं. पण निवेदन करणाऱ्या हिमानीच्या हातात जुनी यादी होती. तिने पुकारलं, "आणि आता, १९७६ चे आपले वीर, श्री. अनंत वैरागडे!" टाळ्या सुरू. मी खुर्चीला धरून बसलो. शेजारचे गृहस्थ मला उठवायला लागले. मी म्हटलं, "मी नाही." हिमानी माइकवर म्हणाली, "बघा, किती विनम्र!" टाळ्या वाढल्या. तेव्हा मी उभा राहून ओरडलो, "मी नाही हो! मी सहा-शून्य, सहा-शून्य हरलो होतो!" तर लोक हसले. त्यांना वाटलं म्हातारा रंगात आला. इतक्यात शाल-श्रीफळ घेऊन दोघे जण स्टेजवरून माझ्या दिशेने निघाले.

मी पळालो, ताई. पार्किंगपर्यंत. गुडघ्यासकट. अबोली म्हणते, आजोबांची चपळाई खरी निघाली.

तेव्हा तू निश्चिंत रहा. खरं बोलल्याबद्दल मला टाळी मिळाली नाही. ज्या मिळाल्या त्या खोट्याच्याच होत्या, शेवटच्या.

चिठ्ठ्या मात्र दुसऱ्या दिवशी वाचल्या गेल्या. कचेरीतल्या एका जुन्या सोबत्याचा फोन आला. "वैरागडे, म्हणजे ते तुम्ही नव्हतात?" मी म्हटलं, नव्हतो. तो म्हणाला, "अच्छा." आणि फोन ठेवला. रोज संध्याकाळी आम्ही बागेत एका बाकावर बसतो. तीन दिवस तो आला नाही. आज आला, आणि हवेबद्दल बोलला.

सोमवारी रंगारी येऊन गेला. फळ्यावर आता पूर्ण नाव आहे. अबोलीने फोटो काढला आहे, साहिलच्या फोनवर पाठवते म्हणाली. ती पात्रता फेरीत पहिली मॅच जिंकली, दुसरी हरली. दोन तास वीस मिनिटं खेळली. घरी आल्यावर मोजे झाडले तर अंगण लाल झालं.

तू यायला हवी होतीस. हे मी कुठल्या तोंडाने म्हणतो आहे, ते मलाही दिसतं.

अनंता

•

जबलपूर
३० जानेवारी

अनंता,

फोटो पाह्यला. साहिलनं मोठा करून दाखवला. खूप वेळ पाहत राहिली. लग्नानंतर राशन कार्डावर, शाळेच्या नोकरीत, बँकेत, सगळीकडं मी अरुंधती भुसारी. पन्नास वर्षांत वैरागडे म्हणून माझं नाव कुठंच लिहिलेलं नव्हतं. मले वाटलं दुसऱ्याच कोणत्या पोरीचं आहे. मग तिची मले आठवण आली.

साहिलनं शुद्धिपत्र वाचलं. दुसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या पोट्ट्याले माझ्या मॅचचं सांगतलेलं मी ऐकलं. कानाचं यंत्र लावलं होतं, बरं झालं.

राग गेला नाही. कमी होऊन राहिला आहे, पण आहे. तू पळाला ते वाचून थोडा जास्त कमी झाला.

आता एक काम सांगते. चिठ्ठीवरच्या दोन ओळींनी माझं भागत नाही. त्या हंगेरीवालीच्या मॅचले घरचं दुसरं कोणी नव्हतं. तुझी आईही आली नव्हती. तू होता. खेळणाऱ्याले काय दिसते? नुसता बॉल दिसतो. माझी मॅच पाह्यलेला माणूस आता जगात तू एकटा, हे माझं नशीब. तं ती लिहून पाठव. स्मरणिकेच्या भाषेत नको, घरच्या भाषेत लिही. जे आठवत नाही ते आठवत नाही म्हणून लिही. एकही पॉइंट आपल्या मनचा घालू नको.

अरुताई

•

नंदनवन
८ फेब्रुवारी

अरुताई,

अठरा जानेवारी, रविवार. तारीख रजिस्टरमधून घेतली, बाकी डोक्यातलं आहे.

दुपारचे तीन वाजले असतीन. तुले दोन नंबरचं कोर्ट देल्लं होतं. एक नंबरवर पुरुषांची मॅच होती, सारी गर्दी तिकडं. तुझ्याकडं पंधरा-वीस लोक, त्यातले अर्धे सावलीसाठी बसलेले. इलोना तुझ्याहून वीतभर उंच होती. तिनं येताना रंभाबाईले हात जोडले, ते मले पक्कं आठवते.

पहिला सेट तू चार-सहा हरली. त्यातला एकही पॉइंट मले आठवत नाही. एवढंच आठवते का दर पॉइंटनंतर तू स्कर्ट खाली ओढत होती. दुसऱ्या सेटमध्ये कधीतरी ओढणं बंद केलं. तिथून तू जिंकायले लागली. तू बॉल मारायची अन् तो मातीवर पडून असा वर उसळायचा का तिले खांद्याच्या वरून खेळावं लागे. ती दोनदा आपल्या भाषेत काहीतरी बोलली. सहा-तीन.

तिसऱ्या सेटचं खरं सांगतो. मधलं मी पाह्यलं नाही. पाणी प्यायले गेलो, पाणी पिलो, अन् नळापाशीच उभा राह्यलो. आठ दिवसांआधी मी हरलो होतो अन् तू जिंकून राहिली होती, म्हणून. टाळ्या ऐकू येत होत्या, तुझ्या का तिच्या ते कळत नव्हतं. परत आलो तं चार-चार होतं. ते कसं झालं, मले माहीत नाही. माहीत असणारं आता कोणीच नाही, याचं मले वाईट वाटते ताई, फळ्याहूनही जास्त.

शेवटचा पॉइंट पाह्यला. लांबला होता. तू नेटपाशी आली, तिनं डोक्यावरून उंच मारला, तू मागं पळाली. पोचली. बॉल रॅकेटले लागला पण नेटच्या वर नाही आला. तू घसरत गेली, मातीवर तुझी लांबच लांब रेघ पडली. इलोना नेट ओलांडून तुझ्याकडं आली अन् हात धरून तुले उभं केलं. ते कोणी पाह्यलं नाही. त्या वेळी एक नंबरवर कोणीतरी जिंकलं होतं.

मग तू माझ्याकडं आली. गुडघ्यापासून मोज्यापर्यंत लाल. मले वाटलं रडशीन. तू म्हणाली, "अनंता, उद्या सकाळी येतो का खेळायले? सातले कोर्ट रिकामं असते."

मी म्हटलं, "काहून? तू तं हरली ना वं."

तू म्हणाली, "म्हणूनच."

मी येतो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा नऊ वाजले होते. तू अंगणात मोजे धुवून राहिली होती. माझ्याकडं पाह्यलं अन् मोजे पिळायले लागली. तू गेली होती का, किती वेळ उभी होती, एकटीच भिंतीवर बॉल मारला का तशीच परत आली, हे मी तेव्हा विचारलं नाही. मग तुझं लग्न झालं.

आज विचारून राहिलो.

अनंता